नातीचा गाण्याचा क्लास, शेजारी आजीसुद्धा

पंचवटीत हिरावाडीकडे एका बाईंच्या घरी माझी सहा वर्षांची नात गाणं शिकते. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे ने-आण माझ्याकडे. पण इथे मुलीला सोडून भाजी आणायला जाता येत नाही. लहानांच्या वर्गात घरातलं एक मोठं माणूस बसलंच पाहिजे, आणि तेही गायला. "आजी, आवाज कसाही असू दे, तोंड उघडायचं," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

आधीच्या एका क्लासमध्ये पालक बाहेर जिन्यात मोबाइल बघत बसायचे, आणि प्रवेश घेतल्याबरोबर गाण्याच्या पहिल्या, म्हणजे प्रारंभिक परीक्षेची घाई. पोरीला सरगम पाठ झाली, पण सूर ऐकायचा कान काही तयार झाला नाही.

इथे तानपुरा लागला की बराच वेळ नुसता सा. मग भूप राग. पाचच सूर, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे एवढ्याशा गळ्याला पेलतो. मुलं म्हणतात, मागून आम्ही. नंतर हातावर सोळा मात्रांचा तीनताल: १, ५ आणि १३ व्या मात्रेला टाळी, ९ व्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात दाखवायचा. खाली आली की नात मला डोळ्यांनी खुणावते, आणि मला सांभाळता सांभाळता तिचा ताल पक्का होतो. मोठ्यांना शेजारी बसवण्याचा खरा फायदा हा!

भिंतीवर थोर गायक आणि गुरू विष्णु दिगंबर पलुसकरांची तसबीर आहे. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुसकर १९२१ साली आपल्या नाशिकलाच जन्मले. दहा वर्षांचे असताना वडील गेले, पण विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी पुढे त्यांना घडवलं. बाई हे पालकांना आवर्जून सांगतात. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्याबद्दलही त्यांच्याकडूनच कळलं. मूल घरात ऐकून ऐकून बोलायला शिकतं तसंच वाद्यही शिकेल, असं ते मानत. त्यांच्या पद्धतीतही पालक धड्याला बसतात.

घरासाठी बाईंचे नियम आहेत. रोज दहा मिनिटं, पण रोज. सूर हलला तर "चुकलीस" म्हणायचं नाही, आपणच ती ओळ पुन्हा म्हणायची. मूल ऐकून सावरतं, हे मी पाहिलंय. आणि पाहुण्यांपुढे "गाऊन दाखव" अजिबात नाही. हा नियम मला सगळ्यात आवडला. आता रात्री ताटं घेईपर्यंत मुलगा टेबलावर ठेका धरतो, सून पोळ्या लाटता लाटता भूपाची सरगम म्हणते. नातीला रियाजाला बसवावं लागत नाही, तीच आम्हाला बसवते.

एक गोष्ट मात्र पटत नाही. दरवेळी तेच माणूस हवं, असा बाईंचा आग्रह आहे. शिफ्ट करणाऱ्या आईबापांनी ते कसं जमवायचं? दोघांनी आलटून पालटून आलेलं चालवून घ्यावं, असं मी त्यांना सांगितलंय.

फी महिन्याला आठशे, सोबत बसणाऱ्याचे वेगळे पैसे नाहीत. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सतरंजीवर पाऊण तास बसवत नसेल तर खुर्ची मागा, लगेच देतात.