घोड्यांचा विमा आणि मालकाचे दायित्व: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी असल्याने आमच्यासारख्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ घोड्यांवर चालतो. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तबेल्यासाठी दोन पॉलिसी घेतल्या, एक पशुधन विम्याची आणि दुसरी त्रयस्थाला होणाऱ्या इजेच्या दायित्वाची. घोडा दगावला तर पहिलीतून भरपाई मिळते, मात्र त्याने कोणाला पाडले किंवा लाथ मारली तर तिचा काडीचाही उपयोग नाही, हे एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत.

मोटारीला त्रयस्थ विमा सक्तीचा असतो, घोड्याला तो नाही, म्हणून मालकाची जबाबदारी टळते असे नाही. जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि भरपाईचा दिवाणी दावा त्याखेरीज असतो. (१९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचा दाखला इथे काही जण देतात, तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे.)

पशुधन विम्याच्या वेळी पशुवैद्यकांनी प्रत्येक घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा आणि अंगावरचे भोवरे नोंदवून घेतले. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना त्याची मोठी गंमत वाटली. पोटशुळासारख्या आजाराने घोडा गेल्यास शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत पुरण्याची घाई करता येत नाही.

खरी कसोटी दुसऱ्या पॉलिसीची लागली. दिवाळीच्या गर्दीत माकडाने अंगावर झेप घेतल्याने घोडा बुजला आणि पर्यटकाचे मनगट मोडले. अशा वेळी भोवती जमलेली माणसे जागच्या जागी रोख पैसे मागतात. परंतु कंपनीच्या संमतीवाचून चूक कबूल करू नये किंवा तडजोड करू नये, अशी अट पॉलिसीत असल्याने आम्ही जखमीला दवाखान्यात पोहोचवले, कंपनीला कळवले आणि पैशांचे बोलणे टाळले. सर्वेक्षकाचा मुख्य प्रश्न एकच होता: लगाम कोणाच्या हातात होता? आमचा मुलगा तो धरून चालत होता, असा दोन पर्यटकांनी लेखी जबाब दिल्यामुळे दावा मंजूर झाला. आमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा करून बाकीचा खर्च कंपनीने दिला खरा, पण तीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा मागवून बराच काळ रखडवले.

दायित्वाची पॉलिसी आम्ही वाढीव मर्यादेने पुढे चालू ठेवणार आहोत. पशुधन विमा मात्र तरुण घोड्यांपुरताच, कारण उतारवयातल्या घोड्याची किंमत पाहता हप्ता परवडत नाही. लग्नाच्या वरातीसाठी घोडा खाली नेरळला पाठवल्यास संरक्षण मिळते का, हे नूतनीकरणापूर्वी कंपनीकडून लेखी घेणार आहोत, कारण सध्याच्या पॉलिसीत वापराच्या रकान्यात केवळ ‘पर्यटकांची स्वारी’ एवढेच लिहिले आहे.