पुष्पचक्र बर्डीवरूनच घ्या, रिबन मात्र वेगळी करून

नागपुरात सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटमध्ये पुष्पचक्र ऑर्डर देऊन बनवून मिळतं, आणि शहरातल्या एसी बुके शॉपमध्येही मिळतं. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनासाठी हवं असेल तर मार्केटमधलं घ्यावं. बुकेवाल्यांचं देखणं असतं यात वाद नाही, पण ते हॉलमध्ये फोटोसमोर ठेवायच्या हिशोबानं केलेलं असतं. दोन जवानांनी संथ चालीत स्मारकापर्यंत न्यायचं म्हटलं की त्याची दैना होते.

फरक आतल्या कड्यात आहे. मार्केटमधले जुने कारागीर बांबूच्या कामट्या वाकवून कडं करतात, त्यावर धानाची तणीस सुतळीनं आवळून गुंडाळतात आणि तारेनं फुलं खोचतात. बुकेवाले पाण्यात भिजवलेला हिरवा स्पंज वापरतात. फुलं त्यात जास्त टिकतात हे खरं, पण चक्र उभं धरलं की पाणी खाली उतरतं आणि थेट कडक इस्त्रीच्या पँटवर ठिबकतं. वजनही वाढतं, आणि स्पंज एकदा तुटला की फुलांचा अख्खा घोस गळून पडतो.

माप २४ इंची सांगा. ३० इंची रुबाबदार दिसतं, पण दोघांची पावलं जुळली नाहीत तर हेलकावे खातं. २४ इंची चक्र झेंडूनं गच्च भरायला साधारण सव्वा ते दीड किलो फुलं लागतात. फुलं वाचवायची असली की मधे अशोकाची पानं भरतात. पाव भाग पानं चालून जातात; त्याहून जास्त दिसली तर तिथंच भाव कमी करायला लावावा. पांढरी शेवंती झेंडूपेक्षा शोभते, पण हाताळताना लवकर काळवंडते. जरबेरा नको, पाणी तुटलं की मान टाकतो. गुलाबाच्या पाकळ्या वाटेतच झडतात.

चक्र ताब्यात घेतलं की आधी उलटं करून पाहावं. तारांची टोकं आत वळवलेली हवीत, नाहीतर पांढरे हातमोजे अडकून फाटतात. पाठीमागे डावी-उजवीकडे पकडायला दोन आकडे हवेत, तेही कापड गुंडाळलेले. बहुतेक कारागीर हे सांगितल्याशिवाय करत नाहीत; सांगितलं तर दहा मिनिटांत करून देतात. तिवई वेगळी मागावी लागते. तिचा मागचा पाय नीट फाकलेला असावा आणि पायांना रबर असावं, कारण पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर लोखंडी पाय सरकतात. चक्र तिवईला वरून एकाच ठिकाणी बांधलं तर ते पुढं झुकतं. वर दोन आणि खाली एक अशा तीन गाठी पाहिजेत.

आता रिबन. इथं मार्केट सपशेल कमी पडतं. चार इंची सॅटिनवर सोनेरी कागदी अक्षरं डिंकानं चिकटवतात, आणि फुलांवर पाणी मारलं की ‘शहीद’मधला ‘श’ सकाळपर्यंत खाली आलेला असतो. रिबन छपाईवाल्याकडून वेगळी करून घ्यावी आणि पाणी मारून झाल्यावरच बांधावी. मजकूर तोंडी सांगू नये, कागदावर लिहून द्यावा. हुद्दा तर पूर्णच. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यात शहीद झालेले तुकाराम ओंबळे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. त्यातलं ‘सहायक’ जागा पुरत नाही म्हणून गाळलं की हुद्दाच बदलतो. पोना (पोलीस नाईक, हा जुना हुद्दा) आणि पोहवा (पोलीस हवालदार) यांची अदलाबदल तर नेहमीची. कुटुंबीय समोरच बसलेले असतात, त्यांच्या नजरेतून ही चूक सुटत नाही.

ऑर्डर कधी द्यायची हे पंचांग पाहून ठरवावं. १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले, २१ ऑक्टोबर हा त्यांचा दिवस. तारीख बदलत नाही, सण मात्र पुढंमागं सरकतात. २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन होतं. अशा वर्षी झेंडूचा भाव आभाळाला भिडतो आणि कारागीर तोरणांत गुंतलेले असतात, म्हणून भाव आठवडाभर आधीच ठरवून विसार द्यावा. २६/११च्याच हल्ल्यात शहीद झालेल्या हेमंत करकरेंसाठी २६ नोव्हेंबरला चक्र घेणाऱ्यांना ही अडचण नाही. करकरेंनी इंजिनीअरिंग इथल्याच व्हीआरसीईमधून (आताचं व्हीएनआयटी) केलं, त्यामुळे नागपुरात त्या दिवशीही मागणी असते. खरी परीक्षा १ मेची. २०१९ मध्ये गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस शहीद झाले, तो हा दिवस. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात कुठलंही चक्र सकाळी नऊच्या पुढं ताजं दिसत नाही. तेव्हा फक्त झेंडू घ्यावा, तोही घट्ट पाकळ्यांचा.

आदल्या संध्याकाळी बनवलेलं चक्र ओल्या गोणपाटाखाली आडवं ठेवावं. फ्रीजर नको, झेंडू काळा पडतो. नेताना गाडीच्या डिकीत उभं कोंबू नये, मागच्या सीटवर आडवं न्यावं.

तिवईचं डिपॉझिट घेतात, त्याची चिठ्ठी मागून घ्यावी. कार्यक्रमानंतर तिवई कोण परत आणणार हे आधीच ठरवलेलं बरं. बंदोबस्तातून सुटून जो तो आपापल्या ठाण्यात जातो आणि तिवई स्मारकापाशीच राहते.