कोल्डप्ले भारीच, पण मी स्टार देतेय ते बाहेर सोडण्याला

आधीच सांगते, हा गाण्यांचा रिव्ह्यू नाहीये. गाणी कशी झाली हे लिहिणारे ढीगभर आहेत. मी लिहितेय सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमबद्दल, आणि तेही अशा लोकांसाठी ज्यांना घराबाहेर जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून पोटात गोळा येतो, थोडक्यात माझ्यासारख्या घरकोंबड्यांसाठी. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा शो 26 जानेवारी 2024 चा, म्हणजे लिहायला भयंकर उशीर झालाय, पण आता नाशकात जिकडेतिकडे सिंहस्थाची चर्चा आहे आणि गर्दीचा विषय निघाला की मला तेच स्टेडियम आठवतं, म्हणून लिहूनच टाकते.

मी पंचवटीतली. 2003 च्या सिंहस्थात मी आठ वर्षांची होते. 27 ऑगस्टला सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. आमचं घर तिथून चालत पाच मिनिटं. मी डोळ्यांनी काही बघितलं नाही कारण आजीने आतून कडी घातली होती, पण दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर दूध आणायला गेले तर भिंतीच्या कडेला चपला सारून ठेवलेल्या, एक लाल सँडल माझ्याच मापाची. तेव्हापासून रंगपंचमीला मी रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेला हौद, लोक त्यात उड्या मारतात) आसपास फिरकत नाही, थिएटरात कडेची सीट नसेल तर पिक्चर कॅन्सल, आणि सुलाफेस्टला, म्हणजे इथल्या वायनरीतल्या गाण्यांच्या जत्रेला, एकदा मैत्रिणींनी ओढून नेलं होतं तर अंधार पडायच्या आत मी गंगापूर रोडला परत. कामही तसलंच, द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन. माझ्या हातचे कागद घेऊन कंटेनर रॉटरडॅमला जातात, मी मात्र पुण्याच्या पुढे गेले नव्हते.

तर अशा बाईने परदेशातलं तिकीट काढलंच कशाला? कारण हा बँड दहावीपासून कानात आहे आणि तेव्हा ते भारतात येतील असं काही दिसत नव्हतं. सिंगापूरला मागणी बघून शो वाढवत सहा केले, जून 2023 मध्ये लॅपटॉपसमोर बसून मी दोन तिकिटं मिळवली, एक माझं आणि एक मैत्रिणीचं. मग डिसेंबरात मैत्रिणीचा साखरपुडा ठरला, तारीख कुठली तर 26 जानेवारी! तिचं तिकीट तिने विकून टाकलं. माझंही विकणार होते, सगळं भरून झालं होतं, शेवटचं बटण दाबलं नाही एवढंच. साहेब म्हणाले सीझन सुरू होतोय आणि तू सुट्टी मागतेस, आई म्हणाली "एकटी? अगं तू एकटी मेन रोडला जात नाहीस." बरोबरच होतं तिचं.

व्हिसाचं फार टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे तो अधिकृत एजंटमार्फत होतो, फी 30 सिंगापूर डॉलर अधिक एजंटचे पैसे, ई-व्हिसाची प्रिंट घ्यायची, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. मी सगळ्याच्या चार चार कॉपी काढल्या. 22 तारखेला राममंदिराचा सोहळा म्हणून अख्खी पंचवटी पणत्यांनी उजळली होती आणि मी आत बसून बॅग सातव्यांदा भरत होते.

पूर्ण प्रवासातला सगळ्यात वाईट भाग विचाराल तर नाशिक ते मुंबई एअरपोर्ट. शेअर टॅक्सी, नाव घेत नाही, सात जणांच्या गाडीत आठवा माणूस नाशकातल्याच द्वारका चौकात घेतला, कसारा घाटात एसी बंद केला, पुढे ट्रॅफिक, साडेपाच तास लागले आणि ड्रायव्हरदादा वर मलाच म्हणतात, "ताई टेन्शन नका घेऊ, विमान थांबतं." विमान थांबत नाही हो दादा. पोचले कशीबशी. पुढचे साडेपाच तास विमानात मात्र झोपले, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून झोपले, इतकी दमलेले.

25 ला सकाळी चांगीला, सिंगापूरच्या एअरपोर्टला, उतरले. हॉटेल घेतलं होतं लिटिल इंडियात, म्हटलं निदान भात तरी मिळेल. (खोलीला खिडकी नव्हती, फोटोत पडदा होता, पडद्यामागे भिंत. असो.) मला कुठे माहिती त्या दिवशी थाईपूसम, तमिळ लोकांचा मुरुगनचा सण, आहे! स्टेशनबाहेर आले तर सेरंगून रोडवर मिरवणूक, डोक्यावर दुधाची भांडी घेतलेल्या बायका, अंगात सळ्या टोचून खांद्यावर कावडी घेतलेले पुरुष, पेरुमाळच्या देवळापासून टँक रोडच्या देवळापर्यंत तीनेक किलोमीटर अनवाणी. मी बॅग पोटाशी धरून भिंतीला चिकटले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मला कोणाचा धक्काच लागलेला नाही. मिरवणुकीला रस्त्याचा एक भाग आखून दिलेला, बघणारे वेगळे, मधे बॅरिकेड. गर्दी होतीच, पण मला मागून कोणी रेटत नव्हतं. मी चक्क अर्धा तास उभी राहिले.

आता स्टेडियम. 2014 चं आहे, 55 हजार माणसं बसतात, वर घुमट तब्बल 310 मीटर रुंद आणि मधे एक खांब नाही, छताचा मधला भाग उघडझाप होतो. लिटिल इंडियाहून मेट्रोच्या जांभळ्या लाइनने एकच स्टॉप धोबी घाट (हो, नाव हेच, मला एकदम बरं वाटलं), तिथून सर्कल लाइनने पाचवं स्टेशन, नावच स्टेडियम. आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं, तिकीट काढायला कोणाशी बोलावं लागत नाही. घरकोंबड्यांना कळेल याची किंमत. तिकिटावर गेट, लेव्हल, सेक्शन, रांग सगळं आणि बोर्ड जिथे प्रश्न पडतो नेमके तिथेच, त्यामुळे स्टेशनपासून सीटपर्यंत मी एकाही माणसाला काही विचारलं नाही. कडेची सीट मुद्दाम घेतली होती. बसल्यावर पहिलं काम, बाहेरचा रस्ता किती रांगांवर ते मोजलं. अकरा.

शोबद्दल थोडंच. आत जाताना हातात पट्टा देतात, गाण्यांबरोबर तो पेटतो, जाताना परत करायचा असतो आणि कुठल्या शहराने किती टक्के परत केले ते स्क्रीनवर दाखवतात, मग काय सगळे इमानदार. मी कानात कापूस घालून गेले होते, आईची आयडिया, आणि ती चांगली निघाली. एका गाण्यात मधेच थांबवून बँडचा गायक ख्रिस मार्टिन सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगतो आणि गाणं परत पहिल्यापासून. आणि ते पिवळं गाणं, म्हणजे 'यलो', लागलं तेव्हा सगळं स्टेडियम पिवळंधमक झालं आणि मी त्या अकरा रांगा विसरले. रडले पण. शेजारच्या काकूंनी टिश्यू दिला, एक शब्द न बोलता.

मग शो संपला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण आता एवढी माणसं एकदम निघणार. मी ठरवूनच आले होते की बसून राहायचं, शेवटी उठायचं. पण बघत होते आणि कुठे तुंबलेलं दिसेना. बाहेर आले तर गंमत अशी की सगळे एकाच तोंडाकडे जात नाहीत. काही जण स्टेडियम स्टेशनला, काही चालत पुढच्या माउंटबॅटनला, काही हिरव्या लाइनच्या कलांगला, काही शेजारच्या मॉलमध्ये खायला. स्टेशनकडे जाणारी रांग सरळ नाही, नागमोडी, म्हणजे मागच्याचा जोर पुढच्याच्या पाठीवर येतच नाही. आणि अडवतात ते प्लॅटफॉर्मवर नाही, वर मोकळ्या आभाळाखाली अडवतात. एक घोळका आत सोडायचा, थांबवायचं, मग पुढचा. त्यामुळे खाली प्लॅटफॉर्मवर हात पसरता येतील एवढी जागा, आणि रुळांच्या बाजूला काचेची दारं, गाडी आल्यावरच उघडणारी. वीसेक मिनिटं रांगेत होते, पण पाय सतत थोडे थोडे हलत होते, आणि भीती वाटते ती पाय हलायचे थांबले की. रांग सोडणारा पोरगा वीस-बावीसचा असेल, हातात लाइटची कांडी, घसा बसलेला, तरी प्रत्येक घोळक्याला थँक्यू म्हणत होता. माझा नंबर आला तेव्हा मी पण म्हटलं, मराठी ॲक्सेंटमध्ये.

स्टेडियमला पाच पैकी पाच, त्या पोराला सहा. टॅक्सीला शून्य, हॉटेलला दोन, कारण इडली चांगली होती.

पुढे वर्षभरात हाच बँड नेरुळला आला, जानेवारी 2025, घरापासून चार तासांवर, तीन शो, आणि ऑनलाइन रांगेत माझा नंबर लाखांत. नाहीच मिळालं. 26 जानेवारीला अहमदाबादचा शो घरी टीव्हीवर लाइव्ह लावला. आई भाजी निवडत बघत होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि ही सगळी माणसं आता घरी कशी जाणार गं?"