सबवूफर भंगारात जाता जाता वाचला (महाराणी रोड, इंदूर)
आमचा होम थिएटरचा सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) फाटक्या आवाजात फडफडायला लागला, कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने न उघडताच सांगितलं नवीन घ्या, मग आईच्या शिव्या खात तो डबा स्कूटरवर घेऊन महाराणी रोडच्या गल्लीतल्या या छोट्या दुकानात गेलो. काकांनी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर लावला, स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) पुढे सरकला, म्हणाले "कॉइल जिवंत आहे भिया, फक्त कडेचा फोम कुजलाय." फोम रिंग बदलून दुसऱ्या दिवशी दिला, ते पण घाई न करता, गोंद पूर्ण वाळवून. घरी लावला तर बारीक घूंऽऽ आवाज, फोन केला तर हसले, सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा म्हणाले. काढली, बंद! ग्राउंड लूप होता (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, तोच घूं करतो), सबवूफर बिचारा निर्दोष. क्रॉसओव्हर (कुठल्या आवाजाच्या खालचं सबवूफरने वाजवायचं ती सेटिंग) पण ८० हर्ट्झवर ठेवायला सांगितलं आणि कोपऱ्यातून जरा बाहेर ओढायला, आता बास घुमत नाही, डायलॉग कळतात. पार्किंगचं मात्र देवच जाणे, आणि दुपारी जेवायला गेले की शटर अर्धं खाली, फोन करूनच जा. चार स्टार.