तापलेल्या सेल्फला कवच: पत्र्याचं की कापडाचं?

गोव्यातल्या साखळीहून चोर्ला घाट चढलात, वर चहाला थांबलात आणि निघताना चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. अर्ध्या तासानं तीच गाडी एका झटक्यात सुरू. असं वारंवार होत असेल तर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, तापत असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद झालं की पंखा, पाणी, वारा सगळं थांबतं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करणाऱ्या नळाची, धग शेजारच्या सेल्फवर साचत जाते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो; १०० अंशांनी ताप चढला की तो जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढलेला असतो. मग सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फचा दाता पुढे ढकलून करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची, ओढ कमी पडते. ही धग अडवायला सेल्फला कवच बसवतात.

कवच घेण्याआधी मात्र व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावाच. आपल्या खाऱ्या हवेत बॅटरीची टर्मिनलं आणि अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी तार) आतून सडते आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. गाडी गरम असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, सेल्फ मारत असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर दोष केबलचा किंवा जोडांचा. तिथं कवचाचा उपयोग नाही. सेल्फ मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूला असेल तरीही नाही.

आता कापडी कवच. फायबरग्लासचं, बाहेरून ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असलेलं, सेल्फभोवती गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचं. बोट जेमतेम जाईल अशा जागीही ते बसतं, हा त्याचा खरा गुण. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय पाऊस असतो ते सांगायला नको. रस्त्यावरचं पाणी आत शिरलं की कापड ओल धरून ठेवतं आणि त्याखाली सेल्फची बॉडी गंजते. इंजिनातून ऑइल पाझरत असेल तर ते कापडात मुरून पेट घेण्याचा धोका आहे. शिवाय बाहेरचा चकचकीत थर विजेचा वाहक. सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर बॅटरीचा करंट बहुतेक गाड्यांत फ्यूजशिवाय थेट येतो. तिथं थर टेकला तर ठिणगी ठरलेलीच, म्हणून टर्मिनल उघडं आणि रबरी टोपीखाली हवं.

पत्र्याचं कवच फक्त मॅनिफोल्डच्या बाजूनं उभं राहतं. सेल्फ आणि पत्रा यांच्यात मोकळी हवा राहिली पाहिजे. चिकटवून बसवलेला पत्रा स्वतः तापून तीच धग पुढे देतो. पाणी निथळतं, वारा खेळतो. स्टेनलेसचाच घ्या. ॲल्युमिनियम धग छान परतवतं, पण लोखंडी बोल्टाशी जोडलं की खाऱ्या ओलीत कडेनं झिजू लागतं. अडचण जागेची आणि खडखडाटाची. बोल्ट ढिला झाला की पत्रा वाजतो.

माझा कौल स्पष्ट आहे. कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर पत्राच. कंपनीनं मुळात दिलेला पत्रा एखाद्या दुरुस्तीत काढून परत बसवलाच नसेल, तर तोच मागवा. मापाची कटकट उरत नाही. नाही तर म्हापसा-मडगावकडचा पत्राकाम करणारा पुठ्ठ्याचा नमुना दिलात तर तसा वाकवून देईल. जागाच नसेल तेव्हाच कापड, आणि तेही ऑइलची गळती बंद करून झाल्यावर.

कुठलंही बसवा, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. कापड लावलंत तर पावसाळा सरला की एकदा सोडून आतली बॉडी बघा.