भातखाचरांसाठी सीपीएल फिल्टर: घेताना आणि वापरताना

निळं आकाश गडद दिसावं म्हणून बहुतेक जण सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे सीपीएल, हा लेन्सपुढे लावून रिंगने फिरवायचा फिल्टर विकत घेतात. ठाणे जिल्ह्यात मात्र त्याचं खरं काम जुलैत, आभाळ पांढरट आणि जमीन ओली असताना. मुरबाड-टोकावड्याकडे किंवा शहापूरला लावणी चालू असते, तेव्हा प्रत्येक पात्यावर, बांधावरच्या दगडावर, इरल्यांवरच्या प्लॅस्टिकवर आभाळाची पांढरी चमक बसलेली असते. फोटोत हिरवा रंग धुवट येतो. सीपीएल ती चमक काढतो. नंतर संगणकावर सॅच्युरेशन वाढवून हे साधत नाही, कारण चमकेखालचा रंग फाइलमध्ये नीट आलेलाच नसतो. फिल्टर एकच घ्यायचा असेल तर हाच घ्यावा.

पाण्यावर तर त्याची खरी मजा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघितलं की प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण पुसता येतं. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर हे होतं सुमारे दोन मीटर पुढे. तिथे तळचा चिखल आणि रोपांचे बुडखे दिसतात, आणि लांब डोंगराकडे गेलेलं खाचर मात्र आभाळ धरून राहतं. खाली बसलात की ही सीमा पायाशी येते आणि समोर सगळा आरसा उरतो. चिखलणीच्या दिवशी पाणी गढूळ असतं, तेव्हा तळाची अपेक्षा नको. पाणी निवळल्यावर जा. आणि प्रतिबिंब पूर्ण पुसण्याचा हट्टही नको. सगळी चमक गेलेलं खाचर मेलेलं, तपकिरी दिसतं. रिंग हळू फिरवत पात्यांचा रंग खुलतो पण पाण्यात थोडं आभाळ राहतं, तिथे थांबावं. चित्र तिथेच ठरतं.

किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. दीड ते दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा). १/१२५ सेकंदाचा शटर १/३० वर येतो आणि वाऱ्यात रोपं हलकी पुसट होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ४०० वरून १६०० करा, ट्रायपॉडने रोपांचं हलणं थांबत नाही. कॅमेरा उभा धरलात की फिल्टर पुन्हा जुळवावा लागतो. ऑक्टोबरच्या निळ्या आकाशात परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात जास्त असतो. रुंद दृश्य घेणाऱ्या १८ एमएमवर त्यामुळे आकाशात एकाच बाजूला गडद पट्टा येतो, तेव्हा थोडं झूम करा. इंद्रधनुष्य असेल तर रिंग जपून फिरवा, तेही पुसलं जातं.

फिल्टर फिरवताना नेहमी आटे घट्ट होण्याच्या दिशेने फिरवावा. कॅमेऱ्यामागून बघताना ती दिशा घड्याळाच्या उलट असते. विसरलात तर आटे सैल होतात आणि फिल्टर थेट चिखलात. उलट तो अडकून बसला तर चिमटीत दाबू नका, रिंग लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. कडेला जाड रबरबँड लावून हलकेच फिरवा. एसी गाडीतून उतरल्यावर काचेच्या आतल्या बाजूलाही वाफ धरते, ती आधी जाऊ द्या.

दुकानात तपासायला लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन पुरे. आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून फिल्टर फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळा व्हायला हवा. उलटा धरून फिरवल्यावर तो तसा काळा होत नसेल तर फिल्टर सर्क्युलर आहे. मग पांढरा कागद बघा. स्वस्त फिल्टरमध्ये तो पिवळसर दिसतो, आणि भाताचा कोवळा पोपटी रंग त्यातच बिघडतो. मल्टिकोटेड (काचेवर चमक कमी करणारे थर असलेला), पातळ कडेचा घ्या आणि यूव्ही फिल्टरवर चढवू नका, कोपरे काळे येतात. कॅननच्या डीएसएलआरसोबतच्या १८-५५ किट लेन्सला ५८ एमएम व्यासाचा लागतो. पुढे मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ६७ चा घेऊन सोबत स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं, घ्या. मग लेन्सचं हूड मात्र बसणार नाही, पावसात छत्री धरायला कुणीतरी सोबत हवं.