चालू करताना की दाबायच्या, की सरळ सेल बदलायचा?

मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यात लाईटची ये-जा सुरू झाली की कॉम्प्युटरची दुखणी डोकं वर काढतात. कुणाची तारीख मागे जाते, कुणाचा पंखा उगाच घरघरत राहतो. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘चालू करताना अमुक की दाबून धर, सगळं रीसेट होतं.’ कधी होतं, कधी नाही. आधी मशीन कुठलं ते बघा.

इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकमध्ये दोन वेगळे रीसेट आहेत आणि त्यांची हमखास सरमिसळ होते. एनव्हीरॅम म्हणजे मशीन बंद असतानाही काही सेटिंग जपणारी छोटी मेमरी; तिच्यात आवाजाची पातळी, स्क्रीनचं रिझोल्यूशन, कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं आणि टाइम झोन अशा गोष्टी साठवलेल्या असतात. यातलं काही बिघडलं तर पॉवर बटण दाबल्या दाबल्या ऑप्शन, कमांड, पी आणि आर या चारही की २० सेकंद धरून ठेवायच्या. फायलींना धक्का लागत नाही. फर्मवेअर पासवर्ड लावलेला असेल तर मात्र आधी तो काढावा लागतो.

पंखा, चार्जिंग, पॉवर बटण यांची तक्रार असेल तर वरचा खटाटोप वाया. ते काम एसएमसीचं, म्हणजे वीज आणि पंखे सांभाळणाऱ्या चिपचं; दुसरा रीसेट तिचा. टी२ ही अ‍ॅपलची सुरक्षा चिप असलेल्या लॅपटॉपवर मशीन बंद करून डावा कंट्रोल, डावा ऑप्शन आणि उजवा शिफ्ट ७ सेकंद धरायचे, ते न सोडता पॉवर बटण आणखी ७ सेकंद. बोटांची कसरत आहे खरी! आयमॅकला त्यापेक्षा सोपं: वायर काढा, १५ सेकंद थांबा, परत लावा, ५ सेकंदांनी चालू करा.

इंटेलऐवजी अ‍ॅपलची स्वतःची एम१ किंवा त्यापुढची चिप असलेला मॅक असेल तर यातलं काहीच करायचं नाही. त्यात या की चालतच नाहीत. बंद करून पुन्हा चालू करा, झालं.

विंडोजच्या डेस्कटॉपची गोष्ट निराळी. तिथे सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाता येतं आणि मूळ सेटिंग परत आणता येतात. पण लाईट गेली की दर वेळी तारीख मागे जात असेल, वेबसाइट सर्टिफिकेटची कुरकुर करत असतील, तर रीसेट करून उपयोग शून्य. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. तो बदलताना वायर काढून ठेवा, आणि सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसतोय का बघा. खाऱ्या दमट हवेत तो येतो, आणि नवा सेल टाकला तरी नीट टेकत नाही. थर खरवडायला चाकू नको. कोरड्या ब्रशने साफ होत नसेल तर दुकानात द्या.

बायॉसला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, विंडोज ती मागू शकतं. आणि साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, कुठल्या मोडवर आहे, एएचसीआय की रेड, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. रीसेटनंतर तो मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली.